सोडलं

मोटार माणसाला दोनच तऱ्हांनी दगा देते, असं खाडेमामा सांगायचे. एक तर नाकानं, नाहीतर शेपटीनं.

"वळणावर तुम्ही स्टिअरिंग फिरवलंय आणि गाडी आपली सरळच निघालीय, तर नाक गेलं म्हणायचं. आणि मागितलंय त्याच्यापेक्षा जास्तच वळतीय, मागची बाजू पुढं यायला बघतीय, तर शेपूट आलं. नाक गेलेलं हाताला कळतं, स्टिअरिंग एकदम पोकळ लागतं. शेपूट आलेलं कळतं बुडाला." हे शेवटचं वाक्य ते मोठमोठ्या साहेबांसमोरही बिनदिक्कत म्हणत, आणि साहेब लोक मान डोलवून ते लिहून घेत.

जोतीराम खाडे शिरूरच्या पुढच्या माळावर एका चाचणी ट्रॅकवर एकोणतीस वर्षं ड्रायव्हर होते. नवी गाडी बाजारात यायच्या आधी ती ओल्या रस्त्यावर, तेलकट फरशीवर, उतारावर मुद्दाम घसरवून बघायची, हे त्यांचं काम. लोक जन्मात एकदा घसरतात आणि पुढं वीस वर्षं पाहुण्यारावळ्यांना सांगत बसतात. मामा दिवसातून साठ वेळा घसरायचे आणि मग डबा खायचे.

घसरताना बोलायचंही असायचं. हातापायांनी जे केलं ते त्याच क्षणी तोंडानं म्हणायचं, म्हणजे ध्वनिमुद्रणात त्याची वेळ पक्की लागते. "नाक गेलं. सोडलं. धरलं. शेपूट आलं. उलटं मारलं. बसली." धरलं म्हणजे ब्रेक, उलटं मारलं म्हणजे स्टिअरिंग उलटीकडं, बसली म्हणजे गाडी सावरली. सोडलं म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. इतकी वर्षं हे बोलून बोलून तोंडाला अशी सवय लागली होती की घरी गॅसवरचं दुधाचं पातेलं उतरवतानाही मामा "धरलं" म्हणायचे. त्यांची बायको उज्ज्वला यावर फार हसायची.

त्या सगळ्या शब्दांत "सोडलं" हा मामांच्या दृष्टीनं सर्वांत नाजूक. नाक गेलं की घाबरट माणूस स्टिअरिंग आणखी फिरवतो, आणि गाडी आणखीच ऐकेनाशी होते. तिथं पाय हळूच सैल करायचा, पुढच्या चाकांना पुन्हा रस्ता धरू द्यायचा. पण हळूच. पाय दचकून सुटला, तर गाडीचं सगळं वजन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात, आणि नाक सावरायच्या नादात शेपूट सुटतं. शिकाऊ पोरांना मामा कानीकपाळी ओरडून सांगायचे, "सैल करणं निराळं आणि सोडणं निराळं!"

आता सांगायला पोरं नव्हती. ट्रॅक बंद होऊन तीन वर्षं झाली होती, आणि तो बंद पाडला होता मामांच्याच पायानं.

झालं होतं ते असं. गाडी घसरू लागली की ते ओळखून एकेका चाकाला ब्रेक लावणारी यंत्रं जुनीच होती, पण ती उशिरा जागी व्हायची. आधी चाकानं पकड सोडायची, मग यंत्रानं मोजायचं, मग धावाधाव. मुक्ता सोमण नावाच्या एका तरुण इंजिनिअरला वेगळाच प्रश्न पडला. मामांना हे आधीच कसं कळतं? तिनं मोजून पाहिलं. यंत्रानं घसरण दाखवायच्या आधी, सेकंदाचा तिसरा हिस्सा आधी, मामांच्या पोटरीचे आणि कमरेचे स्नायू ताणले जात होते. कानाच्या आतला तोल, चाकांचा बदललेला आवाज, स्टिअरिंगची थरथर, रस्त्यावरची एखादी चकाकी, हे सगळं त्यांचं शरीर परस्पर जुळवून टाकायचं आणि पायाला हुकूम सोडायचं. मामांना स्वतःला त्याचा पत्ताही नसायचा.

मुक्तानं सीटच्या कापडात केसाहून बारीक तंतू विणून घेतले. कुठल्या स्नायूला केव्हा आणि किती ताण आला, हे ते तंतू टिपायचे. अडीच वर्षं, वीस हजार फेऱ्या. असा रस्ता, असा वेग, असा आवाज असला की मामांचा पाय काय करतो, हे एक यंत्र शिकत राहिलं. शेवटी मामांना उतरवून गाडीत दुसरं कोणीही बसवलं, तरी गाडी मामांसारखीच चालू लागली. कंपनीनं त्या यंत्राचं नाव ठेवलं 'तोल'.

आज बावीस लाख गाड्यांत मामांचा पाय बसवलेला आहे. नाक जायच्या आधीच सावरलं जातं, शेपूट यायच्या आधीच दाबलं जातं. गाडी चालवणाऱ्याला काही म्हणजे काही जाणवत नाही. घसरणं म्हणजे काय असतं हेच नव्या पिढीला ठाऊक नाही. मग ट्रॅक कशाला हवा? निरोपाच्या दिवशी मामांना शाल आणि नारळ मिळाला, आणि दुसऱ्या दिवसापासून नाक आणि शेपूट हे शब्द ज्याच्याशी बोलावेत असं एकही माणूस त्यांना उरलं नाही.

शिरूरमध्ये दोन खोल्या होत्या. अर्ध्या वाटीचा भात कुकरला धड होत नाही, म्हणून मामा वाटीभर लावायचे आणि दोन वेळा खायचे. दार वाजायचं नाही. बोलणं साठून साठून कधी कधी ते टीव्हीवरच्या निवेदिकेला उत्तर द्यायचे. एकटं वाटायचं, फार वाटायचं, पण ते सांगायचं कुणाला?

आठवड्यातून एक फोन मात्र ठरलेला. रविवारी सकाळी दहा वाजता मामा मुलीला फोन करायचे. शर्वरी गुरांची डॉक्टर होती, गगनबावड्याला. तिशीला टेकलेली, मामांसारखीच एकटी राहणारी. उज्ज्वलाला जाऊन बावीस वर्षं झाली होती, आणि बाप-लेकीचं बोलणं तेव्हापासून तीन प्रश्नांवर येऊन ठेपलं होतं.

"जेवलीस?" त्या रविवारी मामांनी विचारलं.

"पप्पा, सकाळचे दहा वाजलेत."

"हां. पाऊस काय म्हणतो?"

"पडतोय. इथं दुसरं काय करणार तो!"

"गाडी काय म्हणते?"

यावर दर आठवड्याला "बरी आहे" असं उत्तर यायचं, आणि मग "ठेवू?" आज शर्वरी जरा थांबली.

"बिचकते हो हल्ली."

"बिचकते म्हणजे?"

"करूळ घाट उतरताना. रस्ता ओला असला की उजव्या वळणावर एकदम अंग चोरते, आणि मग मागनं किंचित हलते. गॅरेजवाले म्हणतात काही नाही, सगळं ठीक आहे. आणि गंमत सांगू? मी एकटी असले की काही होत नाही. लसींची पेटी शेजारच्या सीटवर ठेवली की बिचकते. चाळीस किलोची पेटी आहे ती."

"सीटला वाटत असेल माणूस बसलंय."

"वाटू दे की! पण शेजारी माणूस बसलं म्हणून गाडीनं का घाबरायचं? पप्पा, एखादा बैल उतारावर एकदा पडलेला असतो ना, तो पुढं जन्मभर तसल्या उतारावर बिचकतो. मागं ओझं असलं तर जास्तच. मी रोज बघते असली जनावरं. अगदी तसंच करते ही गाडी. पण ही तर नवी कोरी, ही कधी पडली?"

मामांनी फोन या कानावरनं त्या कानावर घेतला.

"पप्पा? ठेवू?"

"ठेव," मामा म्हणाले.

फोन ठेवला तरी मामा खुर्चीतून उठले नाहीत. उजवं वळण. उतार. ओला रस्ता. डाव्या सीटवर माणूस. या चार गोष्टी एकत्र आल्या की बिचकणारं जनावर त्यांना माहीत होतं. ते याच खुर्चीत बसलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी अणुस्कुरा घाटात, अशाच एका उजव्या वळणावर, त्यांची गाडी फिरून डाव्या अंगानं कठड्यावर आदळली होती. उज्ज्वला डाव्या सीटवर होती. मागच्या सीटवर आठ वर्षांची शर्वरी झोपली होती, तिला खरचटलंसुद्धा नाही. मामांनी पोलिसांना सांगितलं, रस्त्यावर डिझेल सांडलं होतं. सासुरवाडीला तेच सांगितलं, ट्रॅकवर तेच सांगितलं. एवढा मोठा ड्रायव्हर, त्याच्या शब्दावर शंका कोण घेणार? पंचनाम्यात डिझेल लिहिलं गेलं. पाऊस धो धो होता, रस्त्यावर काय होतं आणि काय नव्हतं हे पावसानं धुऊन नेलं.

आणि 'तोल'च्या त्या अडीच वर्षांत ओल्या उतारावर चाचणी घेताना सुरक्षेसाठी शेजारी एक इंजिनिअर बसलाच पाहिजे असा कंपनीचा नियम होता. मुक्ता बसायची. डाव्या सीटवर.

मामांनी मुक्ताला फोन लावला. ती आता पुण्यात त्या कंपनीची बडी अधिकारी झाली होती, पण मामांचा आवाज ऐकून चहाच्या टपरीवरच्यासारखी ओरडली, "अय्या, मामा! कुठं आहात? काय करता?"

"काही करत नाही. तू एक काम कर. मी चार गोष्टी सांगतो, त्या जिथं जिथं एकत्र आल्या तिथं 'तोल'नं काय केलंय ते बघ."

तिनं मुकाट्यानं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला तेव्हा आवाजातला सगळा उत्साह गेला होता.

"सतरा ठिकाणी गाडी फिरलीय, मामा. सगळीकडे 'निसरडा रस्ता' म्हणून नोंद करून मोकळे झालेत लोक. इतका लहानसा झटका आहे की आमच्या आलेखात तो खरखरीसारखा दिसायचा, आम्ही सोडून द्यायचो. बहुतेकदा काही होत नाही. पण वेग जरा जास्त असला की शेपूट सुटतं." ती थांबली. "एक बाई अजून दवाखान्यात आहेत. डाव्या सीटवर होत्या."

मामांनी चालू टीव्ही बंद केला.

"मी जुन्या फेऱ्या काढून बघितल्या. एरवी तुमचा पाय लोण्यासारखा हलतो. आणि या चार गोष्टी आल्या की दचकून सुटतो, वेळेआधी. मी शेजारी बसलेली असायचे हो, मला कधी कळलंसुद्धा नाही. मामा, असं का होतं?"

"कारण सांगायलाच पाहिजे?"

"कारण हातात असेल तर मी आजच्या आज तेवढा भाग सगळ्या गाड्यांतून काढू शकते. कारण नसेल तर कंपनीची समिती नव्यानं चाचण्या मागेल, चार-पाच महिने सहज जातील. म्हणजे सगळा पावसाळा." मुक्ताचा आवाज खाली आला. "'तोल'च्या कामासाठी भरलेल्या तुमच्या अर्जात एक प्रश्न होता. यापूर्वी तुमच्या चुकीनं अपघात झाला आहे का? तुम्ही 'नाही' लिहिलंय."

"लिहिलंय खरं."

"दुरुस्ती केलीत तर कारणासकट सूचना प्रत्येक मालकाला जाईल. तुमचं नाव येणार नाही. 'प्रशिक्षक चालक' एवढंच येईल."

"माझ्या पोरीकडं पण तीच गाडी आहे, मुक्ता. तिला चालक कोण ते माहीत आहे."

मुक्तानं तो अर्ज मामांच्या फोनवर पाठवून दिला.

"मला दोन दिवस दे," मामा म्हणाले.

"मामा, आज सगळ्या घाटांत पाऊस आहे."

"मग एक दे."

त्यांनी पिशवीत एक जोड कपडे टाकले आणि स्टँड गाठला. त्यांना भीती कशाची होती ते सरळच सांगायला हवं. नाव जाईल याची नाही, नाव आता विचारतं कोण? रविवारचे दहा वाजायचे आणि त्या तीन प्रश्नांना उत्तरं यायची, एवढंच त्यांच्याकडं उरलं होतं. तेही जाईल, याची भीती होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गगनबावड्याला उतरले, तेव्हा शर्वरी गमबूट घालून एका म्हशीच्या पायाला पट्टी बांधत होती. वडिलांना बघून ती उठून उभी राहिली.

"पप्पा? काय झालं?"

"काही नाही. गाडी बघू म्हटलं."

"गाडीसाठी आलात?" तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आलं होतं, ते गेलं. "फोन तरी करायचा. मी नेली असती परत गॅरेजला."

"चल, घाट उतरू. मी शेजारी बसतो."

डाव्या सीटवर बसायची मामांना सवय नव्हती. पट्टा चुकीच्या खांद्यावर आल्यासारखा वाटत होता, आणि पायाखाली काहीच नव्हतं, नुसती चटई. शर्वरी चांगली चालवत होती, बोलत मात्र नव्हती. धुक्यातनं कठड्याचे पांढरे दगड एकामागून एक येत होते. पाऊस बारीक पण सलग होता. पहिलं उजवं वळण उताराचं नव्हतं, तिथं काही झालं नाही. पुढं डावं वळण, मग एक सरळ तुकडा, आणि मग रस्ता एकदम खाली उतरून उजवीकडं वळला.

वळण अजून पुरतं आलंही नव्हतं. गाडीनं श्वास धरल्यासारखं केलं. वेग खालून काढून घेतल्यासारखा गेला, वजन पुढं आलं, आणि मामांना बुडाला कळलं, शेपूट हललं. बोटभर. लगेच सावरलं. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं.

पण तो पाय त्यांचा होता. बावीस वर्षं त्यांनी तो आतून पाहिला होता. आज पहिल्यांदा ते उज्ज्वलाच्या जागी बसून त्याला पाहत होते.

"बघा!" शर्वरी म्हणाली. "बघितलंत? बिचकली की नाही?"

"गाडी बाजूला घे, शरू."

पुढं कठड्यापाशी थोडी रुंद जागा होती, तिथं तिनं गाडी उभी केली आणि दिवे लुकलुकते ठेवले.

"ही गाडी बिचकली नाही," मामा म्हणाले. "मी बिचकलो. हे मशीन माझ्याकडनं शिकलंय, तुला माहीत आहे. सगळं चांगलं शिकलं आणि त्याच्याबरोबर हेही शिकलं." ते समोरच्या काचेकडं बघत होते. "अणुस्कुऱ्यात रस्त्यावर डिझेल नव्हतं."

शर्वरीनं वायपरचा वेग कमी केला.

"आमचं भांडण झालं होतं. ती म्हणत होती, ट्रॅकचं काम बंद करा, रोज उठून मरायला जाता, घरात पोरगी आहे. मला राग आला. मी गाडी जोरात घातली. वळणावर नाक गेलं, डावीकडं कठड्याकडं निघालो. ते मला कळलं होतं गं. हळूच सैल केला असता तर निघून गेलो असतो, रोज साठ वेळा करायचो मी ते. पण ती 'अहो!' म्हणून ओरडली आणि माझा पाय दचकला. शिकाऊ पोराचा दचकतो तसा, एकदम सुटला. शेपूट आलं आणि गाडी डाव्या अंगानं गेली. तिच्या अंगानं. खाड्यांचा पाय चुकला यावर कुणाचा विश्वासच बसला नसता. डिझेलवर सगळ्यांचा बसला. तुझाही."

"माझा नाही," शर्वरी म्हणाली.

मामांनी मान वळवली.

"मी जागी होते, पप्पा. सगळ्यांना वाटलं झोपलेली होते, आणि मला कुणी विचारलं नाही. आई 'अहो' म्हणाली. आणि तुम्ही म्हणालात, 'सोडलं'."

वायपर एकदा गेला आणि परत आला. मामांना यातलं काहीही आठवत नव्हतं. पण ते म्हणाले असणार यात शंकाच नव्हती. पाय सुटला की तोंडानं म्हणायचंच, ट्रॅकवरची सवय.

"मला आठव्या वर्षी काय कळतंय ॲक्सिलरेटर!" शर्वरी स्टिअरिंगकडं बघत बोलत होती. "मला वाटलं, आईला सोडलं. हात सोडतात तसं. मग दोन महिन्यांनी मला कोल्हापूरला होस्टेलला घातलंत, आणि फाटकातनं बाहेर पडता पडता मावशीला फोनवर म्हणालात, 'सोडलं बाई शरूला.' मी खिडकीत उभी होते. तेव्हा माझं पक्कं झालं. मला वाटलं, प्रत्येकाला सोडायची एक वेळ येते आणि ती आली की पप्पा तसं मोठ्यानं सांगतात."

"तसं नव्हतं गं, शरू."

"ते आता कळतंय."

"मग विचारायचं होतंस की एकदा!"

"कधी विचारू? रविवारी? पाऊस आणि गाडीच्या मध्ये?"

मामांना मुलीच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. हात मांडीवरनं उचलला, आणि परत मांडीवरच ठेवला. घरात दोन माणसं उरली होती आणि दोघांनी एकाच क्षणाला धरून बावीस वर्षं निरनिराळी काढली, हे त्यांना फार लागलं.

खालून एक दुधाचा टेम्पो वर चढून गेला.

"मी लिहून देणार आहे," मामा शेवटी म्हणाले. "चूक चालकाची होती म्हणून. सगळ्या मालकांना सूचना जाईल, तुलाही येईल. एक बाई दवाखान्यात आहे माझ्यामुळं."

"मला विचारायला आलात की सांगायला?"

"सांगायला."

शर्वरीनं मान हलवली. "बरं केलंत. विचारायला आला असता तर मी काय म्हणाले असते, मलाच माहीत नाही." तिनं गाल पुसले, केसांची शेपटी घट्ट बांधली आणि घड्याळ बघितलं. राहा म्हणाली नाही. मामांनीही राहतो म्हटलं नाही.

"साडेचारची एसटी आहे," ती म्हणाली. "चला, तुम्हाला स्टँडवर सोड—"

ती थांबली. पावसाचा आवाज तेवढा टपावर होत राहिला.

"पोचवते," ती म्हणाली. "स्टँडवर पोचवते."

तिनं गाडी वळवली. चढावर काही झालं नाही. वाटेत मामांच्या लक्षात आलं की तिनं काच पुसायला घेतलेला रुमाल मधल्या जागेत ठेवला होता, आणि त्यांनी न विचारता तो घेऊन आपली बाजू पुसली होती.

स्टँडवर रेंज आली. मामांनी बाकावर बसून मुक्तानं पाठवलेला अर्ज उघडला. जुन्या प्रश्नापुढचं 'नाही' खोडून 'होय' केलं. खाली कारणासाठी चार ओळींची जागा होती. त्यांनी एकच ओळ लिहिली: 'पाय सैल करायच्या ठिकाणी सोडला, चूक माझी.' पाच मिनिटांत मुक्ताचं उत्तर आलं. "मिळालं, मामा. संध्याकाळपर्यंत सगळ्या गाड्यांतून तेवढा भाग काढते. उरलेलं तुमचंच राहील."

"काढ," मामांनी लिहिलं.

एसटी लागली. मामा खिडकीशी बसले. शर्वरी गेली असेल असं धरून त्यांनी बाहेर बघितलंच नव्हतं, तेवढ्यात काचेवर टकटक झाली. ती छत्रीशिवाय उभी होती, गमबूट चिखलानं भरलेले. मामांनी धडपडत काच सरकवली.

"पोचलात की फोन करा," ती म्हणाली.

बावीस वर्षांत हे वाक्य त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

"आज रविवार नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

एसटी हलली. ती हात न हलवता तशीच पावसात उभी राहिली, आणि वळण येईपर्यंत मामांना दिसत होती. कोल्हापूर अजून दीड तासावर होतं, पुणं त्याच्याही पुढं, आणि शिरूरला पोचायला उद्याची सकाळ उजाडणार होती. मामांनी फोन खिशात ठेवला नाही, हातातच धरून ठेवला.